नाव घातलेला शाफ्ट

माझ्या बोलण्यातलं निम्मं खरं धरायचं, असा आमच्या लालबागच्या टॉवरमध्ये रिवाज आहे. ही गोष्ट मात्र पाऊण खरी आहे, आणि उरलेल्या पावाला साक्षीदार आहेत.

माझ्याकडे एक गाडी आहे. लांब नाकाची, जुन्या जमान्यातली, मागच्या चाकांवर जोर घेणारी. आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद चाळणाऱ्या माणसाला असली गाडी शोभत नाही, हे मला मान्य आहे. पण माणसाला शोभेल तेच आवडत असतं, तर आमच्या अख्ख्या ऑफिसनं कॅलेंडरंच जमवली असती. मूळची ती गाडी गरीब गाय होती. तिला नादाला लावलं माझ्या गिरगावच्या दोस्तानं. हा मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घराण्यातला, ईस्ट इंडियन. कॉलेजच्या कँटीनपासूनची आमची ओळख. विमानांच्या देखभालीतून निवृत्त झाला, हाताला विमान मिळेना, म्हणून माझ्या गाडीवर आला. तिच्यात त्यानं एका ठोकलेल्या जपानी गाडीचं दांडगं इंजिन बसवलं. त्याच्या वाडीत ते पहिल्यांदा चालू केलं तेव्हा कौलांवरची कबुतरं उडाली, ती थेट अँटॉप हिलला जाऊन उतरली. अजून परत आलेली नाहीत. तिकडेच त्यांची पोरंबाळं झाल्याचं ऐकतो.

बायकोनं मात्र त्या गाडीला कधी घरात घेतलं नाही. फ्रिज 'आपला', टीव्ही 'आपला', सोसायटीची लिफ्टसुद्धा 'आपली'. गाडी तेवढी 'तुमची'. 'तुमच्या गाडीचा हप्ता', 'तुमच्या गाडीचा आवाज', 'तुमच्या गाडीचा वास'. मी म्हणायचो, जाऊ दे, सवतीला एवढा मान कोण देतं.

मग परळचा फ्लायओव्हर आला.

दादरला लग्नाचं रिसेप्शन होतं. बायको पैठणीत, मांडीवर आहेराची पिशवी. पुढे रस्ता मोकळा दिसला आणि माझा पाय जरा जास्तच खाली गेला. गाडीच्या पोटाखालून एक लांब नळी जाते, इंजिनातला जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारी. तिला प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात, गॅरेजवाले नुसतं शाफ्ट म्हणतात. आमचा शाफ्ट होता गरीब गाईच्या काळातला आणि इंजिन होतं वळूचं. तो ओल्या पंच्यासारखा पिळला आणि तुटला. आवाज असा झाला, की वरळी कोळीवाड्यात बायकांनी वाळत घातलेले बोंबील उचलून घरात नेले. बायकोनं आहेराची पिशवी काखेत मारली. उतरली, निऱ्या सावरल्या, टॅक्सी थांबवली आणि निघून गेली. आहेर देऊन, जेवून, वर आइसक्रीम खाऊन ती परत आली तेव्हा मी अजून फ्लायओव्हरवरच होतो.

दुसऱ्या दिवशी मटार सोलता सोलता तिनं निकाल दिला. तिच्या आईला ऐंशी पूर्ण झाली होती, मार्गशीर्षात गावी सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला होता. गाव कणकवलीच्या पुढे.

"मला यात बसवून माहेरी न्या आणि परत आणा," ती म्हणाली. "वाटेत कुठे ढकलावी लागली नाही, तर राहू दे तुमची गाडी. लागली, तर भंगारवाला."

तर आता गाडी राहणार की जाणार, हे एका नळीवर आलं. आणि नळी कशाची करायची, यावर माझ्या घरात महायुद्ध पेटलं.

एका बाजूला माझा दादा. गिरणीत फिटर होता, आता आमच्याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर राहतो, आणि पोलाद सोडून दुसऱ्या धातूशी सोयरीक करत नाही. त्याचे दोन दात बसवायचे होते तेव्हा स्टीलचे मिळतात का, असं डॉक्टरला विचारून आला होता. दुसऱ्या बाजूला दोस्त. अर्धी हयात विमानाच्या पंखांखाली गेलेली, त्यामुळे त्याचा देव अल्युमिनियम. गिरगावात त्याच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसले. मधे मी, म्हणजे दोन जावांच्या मधलं पातेलं.

दोस्ताचं म्हणणं असं. पोलादाचा शाफ्ट जड. इंजिनाचा पहिला जोर तो शाफ्ट फिरवण्यातच जातो, चाकांना उरेल तो खरा. शिवाय एवढी लांब नळी जोरात फिरली, की पोरींच्या दोरीच्या उड्यांतल्या दोरीसारखं मधे पोट काढायला बघते. अल्युमिनियमची नळी जाडजूड घ्यायची, तरी ती निम्म्या वजनात बसते आणि पोटही काढत नाही. गाडी कशी अलगद सुटेल, हे त्यानं हातातल्या पावानं दाखवलं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. अल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडे जर्मनची भांडी म्हणतात, आणि दादाच्या लेखी विषय तिथेच संपत होता.

"जर्मनच्या पातेल्यात आपल्या आईनं कधी चिंचेची आमटी केली नाही," तो मला म्हणाला. "आणि तू त्यात घोडे जुंपायला निघालास?"

"दादा, विमान कशाचं असतं?" दोस्तानं विचारलं.

"म्हणून तर मी विमानात बसत नाही."

मग दादा जरा गंभीर झाला. रस्त्यावरचा दगड उडून शाफ्टला लागतो, म्हणाला, तेव्हा पोलादाला पोचा येतो आणि ते पुढे चालायला लागतं. "पोलाद मार खातं आणि विसरतं. तुझं हे अल्युमिनियम सगळं मनात ठेवतं रे."

दोस्त म्हणाला, "मनात ठेवायला त्याला मार देणार कोण? मी बसवणार आहे, मी."

मी अल्युमिनियमच्या बाजूनं कौल दिला. कारण विचाराल तर फार शास्त्रीय नाही. दोस्ताच्या बायकोनं बॉटल मसाल्यातलं मटण वाढलं होतं, आणि ज्याचं मटण खातो त्याच्या धातूला नावं ठेवू नयेत, असं माझं मत आहे. दादाही ते मटण तीनदा मागून घेत होता, पण त्याचं मत पोलादाचं असल्यामुळे वाकलं नाही.

परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शाफ्ट बनवणारं वर्कशॉप आहे, तिथे दोस्तानं तो करून घेतला. वेल्डिंगच्या वेळी हा शेजारी उभा, बॅलन्सिंगच्या वेळी हा वाकलेला. वर्कशॉपवाल्यानं शेवटी त्याला विचारलं, की डोहाळजेवणही इथेच करायचं का. शाफ्ट घरी आला तो असा चकाकत, की हॉलमधला दिवा लावायची गरज राहिली नाही. गाडीत बसवायला गिरगावात नेईपर्यंत दोन-चार दिवस तो आमच्या सोफ्यावर पडून होता. पाहुणे आले की त्याला उशीसारखा बाजूला सरकवायचे.

बायकोनं तो सहज एका हातानं उचलून पाहिला. "एवढाच?" म्हणाली.

मी खूश झालो. हलकेपणाचं एवढं प्रशस्तिपत्र दोस्तानंही दिलं नसतं. आता वाटतं, तिथेच सावध व्हायला हवं होतं. पोलादाचा असता, तर तिला तो दारापर्यंतही नेता आला नसता, आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

शनिवारी मी बाहेरून आलो तर सोफा रिकामा. मी सोफ्याखाली वाकून पाहिलं. भंगारवाल्याची मुदत तिनं स्वतःच अलीकडे ओढली की काय? तेवढ्यात बायको आली. काखेत जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या बाळासारखं. चेहरा असा, की जणू हळदीकुंकवाला पहिला नंबर आलाय.

आता परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे घरात आलेल्या भांड्यावर नाव घालतात. लग्नात आलेला तांब्या असो, बारशाची वाटी असो, नाहीतर कुणाच्या पंच्याहत्तरीचा डबा. भांड्याच्या दुकानात एक माणूस कर्रकर्र आवाज करणारी पेनासारखी मशीन घेऊन बसलेला असतो, तो ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतो. नाव नसलेलं भांडं म्हणजे आमच्या दृष्टीनं रस्त्यावरचं. शेजारी कार्य निघालं, पातेली एकमेकांत मिसळली, की संध्याकाळी नावं वाचून ज्याची त्याला परत जातात. माझ्या आईचा एक पेला लालबागच्या चाळीतून माहीमला कुणाच्या डोहाळजेवणाला गेला आणि चार घरं फिरून, माझ्या मुंजीच्या वेळी हजर झाला. नावामुळे.

बायकोनं साडी सोडली. शाफ्टच्या कमरेला, गोल फिरवून, तिचं नाव, माझं नाव, आणि खाली 'आईच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त'. दुकानदाराचा हात नेहमी स्टीलवर चालायचा. इथे त्याला मऊ अल्युमिनियम लागलं. मशीन लोण्यात शिरल्यासारखी आत गेली असणार. गडी रंगात आला आणि त्यानं दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढली, मधे एक कमळ.

"एवढ्या लांब जायचं," बायको म्हणाली. "कुठे काही सुटून पडलं, कुणी उचलून नेलं तर? नाव असलं की वस्तू घरी परत येते. आणि आपल्या गाडीचा आहे ना."

आपल्या गाडीचा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्या शाफ्टकडे बघत राहिलो. भांड्यांवर दोघांची नावं कोरून आमचा संसार सुरू झाला होता, आणि आज गाडी त्या भांड्यांच्या रांगेत येऊन बसली. मी म्हणालो, "फार छान झालंय." ते खरंच होतं. माझ्या पाऊण खऱ्यातलं ते पूर्ण खरं.

दुसऱ्या दिवशी मी तो मिरवत गिरगावात नेला. दोस्तानं नावावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा फिरवलं, उलट फिरवलं. आणि तो गप्प बसला. मी त्याला गप्प बसलेला दोनच वेळा पाहिलाय. दुसरी वेळ त्याच्या लग्नात, ती तर सगळ्यांचीच असते.

"शाम्पूच्या पुडीला कडेला खाच असते, बघितलीस?" तो शेवटी म्हणाला. "ती कशाला असते?"

"फाडायला."

"मग? वहिनींनी पुडीला कमरेभोवती खाच पाडून आणलीय. घाटात तू पाय दाबणार, तुला दाबल्याशिवाय चैन पडत नाही. याला पीळ बसणार. आणि हा कुठून फाटणार, ते त्यावर लिहिलेलंच आहे."

मी पॉलिश सुचवलं. खूप खोल गेलंय, म्हणाला. मी म्हणालो, हळू चालवतो. तो हसला. मी म्हणालो, अरे, ती पहिल्यांदा आपली गाडी म्हणाली, आता तिला कुठल्या तोंडानं सांगू की तू हौसेनं केलंस तेच घातक आहे? तिचा तो चेहरा तू पाहिला नाहीस.

"नाही पाहिला. पण त्या गाडीत बसणार त्याच आहेत ना?" दोस्त म्हणाला. "मग विषय संपला. मी हा बसवत नाही."

दादाकडे गेलो. तो पलंगावर बसून केळं खात होता. सगळं सांगितलं. त्यानं केळं संपवलं, साल नीट घडी करून ठेवली, वाकला, आणि पलंगाखालून गोणपाटात बांधलेलं एक लांब धूड ओढून काढलं. पोलादाचा शाफ्ट. काळा रंग दिलेला, त्याच मापाचा. त्याच वर्कशॉपमधून, आमच्या पाठीमागे करून घेतलेला. दोस्ताच्या व्हरांड्यातून मटण खाऊन निघाला तो सरळ परळलाच गेला होता.

"तुझं जर्मन दगा देणार हे मला माहीत होतं," दादा म्हणाला. "पण घरच्या लक्ष्मीच्या हातून देईल, एवढं नव्हतं वाटलं."

मग त्यानं आठवडाभर त्यावरून माझं जिणं नकोसं केलं, ते मी इथे लिहीत नाही. पण ज्या माणसाचं मत मी सर्वांसमोर झिडकारलं, त्यानं तोंडानं भांडून झाल्यावर गुपचूप माझ्यासाठी शाफ्ट करून ठेवावा, याला काय म्हणायचं? मी त्याला तसं बोलून दाखवायला गेलो, तर म्हणाला, पाय उचल, साल पडलीय.

तिघांत ठरलं. काळा शाफ्ट गाडीत, चकचकीत शाफ्ट दोस्ताच्या माळ्यावर, आणि बायकोला यातलं काही कळता कामा नये. दोस्त 'बरं' म्हणाला. जरा लवकरच म्हणाला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आम्ही निघालो. गाडी अशी धावली, की पनवेलच्या पुढे काही घारी शर्यत लावून दमल्या आणि विजेच्या तारांवर बसल्या. पोलाद खालून एका सुरात गुणगुणत होतं, भजनी मंडळातल्या मागच्या रांगेतल्या माणसासारखं. बायको आज कधी नव्हे ती गाडीशी बोलत होती. "चल बाई, चल." मधेच पायाखालच्या मॅटवर हलकेच थाप मारायची. प्रत्येक थापेला मला घाम फुटे. परशुराम घाटात मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा समोर ट्रक आला, दुसऱ्यांदा माझाच धीर मागे फिरला. ती माझ्याकडे बघायची, थांबायची, आणि मग खिडकीबाहेर बघायला लागायची.

गाडी न ढकलता गावाला पोचली. सोहळा झाला, सासूबाईंना दिव्यांनी ओवाळलं, सगळं यथासांग. आणि दुपारी जेवणं झाल्यावर, विडा लावता लावता, बायकोनं आईला सांगितलं, की आमच्या गाडीच्या पोटात आमची नावं फिरतात, आणि तुझ्या सोहळ्याचंही.

"मग माका दाखव," सासूबाई म्हणाल्या.

मी म्हणालो गाडी गरम आहे. त्या म्हणाल्या सकाळपासून उभी आहे. मी म्हणालो खाली ऑइल असतं. त्या म्हणाल्या मी काय जेवायला बसत्येय तिथे? कोकणातलं घर, अंगण वर आणि खाली जांभ्याच्या बांधाला लागून पाणंदीची खोलगट वाट. गाडी नेमकी अंगणाच्या कडेला उभी. म्हणजे पाणंदीत उतरून नुसती मान वर केली की गाडीचं पोट डोळ्यांसमोर. सहस्र चंद्र पाहिलेल्या माझ्या सासूबाई नातसुनेचा हात धरून टुणटुण उतरल्या, मागून अख्खी वाडी उतरली, बॅटरी मागवली गेली. मी वरच उभा राहिलो. खाली काळा, बिननावाचा पोलादी दांडा आहे, हे आता जाहीर होणार, आणि माझ्या बायकोचा सगळ्या माहेरासमोर पचका होणार. भंगारवाल्याची हाक मला कणकवलीपर्यंत ऐकू यायला लागली.

खालून सासूबाईंचा आवाज आला. एकेक अक्षर लावत त्या वाचत होत्या. माझ्या बायकोचं नाव. मग माझं. मग 'आईच्या...' आणि तिथे त्या थांबल्या. पदर डोळ्यांना गेला असावा.

मी धावत खाली गेलो. काळ्या पोलादावर पिवळ्या रंगात, नंबरप्लेट रंगवणाऱ्याच्या वळणदार अक्षरांत, सगळं होतं. वेलबुट्टीसकट. कमळ जरा बटाट्यासारखं आलं होतं, पण होतं.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती विडा चघळत होती.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "गिरगावचे भाऊजी आले होते. मला सगळं समजावून गेले. कोरलेलं चालत नाही, रंगवलेलं चालतं. कुठल्या रंगात लिहू, ते विचारायला आले होते."

"म्हणजे तुला निघण्याआधीपासून माहीत होतं?"

"पिवळा मीच सांगितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. बशीतला चहा संपवला. "घाट संपला, तुम्ही काही बोलला नाहीत. माझं मन दुखू नये म्हणून एवढा घाम गाळताय, तर म्हटलं गाळू दे."

मी हिशेब मांडायला गेलो की यात कुणाचं देणं कुणाला लागतं, आणि तो नाद सोडून दिला. भावानं शाफ्ट दिला, दोस्तानं रंग दिला आणि शब्द मोडला, दोन्ही माझ्याच भल्यासाठी. आणि बायको, आपल्या हौसेनं काय होणार होतं ते कळूनही, त्याच गाडीत माझ्या शेजारी येऊन बसली, मॅटवर थापा मारत. टपरीवाल्याला मी उगाचच दोनदा धन्यवाद दिले. त्यानं चहात काही कमी पडलं का, असं विचारलं.

गाडी राहिली. सोसायटीच्या गेटवर भंगारवाला ओरडला, की मी अजून दचकतो. परवा त्यानं खालून बोट दाखवून विचारलंही. बायको खिडकीतून म्हणाली, "ती नाही द्यायची. आपली आहे."

आणि पाडव्याला सकाळी दोस्त दारात उभा. खांद्यावर चकचकीत शाफ्ट. त्याच्या बायकोला माळा साफ करायचा होता. "यावर तुमची नावं आहेत," तो म्हणाला, "ठेवून कसा घेणार?" बायकोनं तो एका हातानं घेतला, खिडकीपाशी नेला आणि त्यालाच गुढीची काठी केली. टोकाला जरीचं वस्त्र, कडुलिंब, साखरेची माळ, वर पालथा तांब्या. सासूबाईंनी आमच्या लग्नात दिलेला, त्यांचं नाव घातलेला.

दादा बघून हादरला. गुढी वेळूची असते, म्हणाला, फार तर स्टीलची, पण जर्मनची? मग स्वतःच तार घेऊन ती ग्रिलला बांधायला लागला. टॉवरच्या त्या उंचीवर वारा असा असतो, की आमच्या टॉवेलांना भायखळ्याची सवय झालीय.

"हलकं आहे हे," दादा म्हणाला. "उडून जाईल बघ."

"जाईना," बायको म्हणाली. "नाव आहे."